‘कसला तरी वास येतोय’ : आपलं नाक नेमकं काय ओळखतं

नवी मुंबईत घणसोली, कोपरखैरणे, वाशी इथल्या कुठल्याही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री साडेअकराच्या सुमारास हा संदेश ठरलेला: “कसला तरी वास येतोय, अजून कुणाला येतोय का?” मग उत्तरांची रांग लागते. कुणी म्हणतं गॅस, कुणी सडका कोबी, कुणी नेलपॉलिश. चौथ्या मजल्यावरच्या काकांना काहीच येत नाही आणि ते खिडक्या उघड्या टाकून झोपतात. यात खोटं कुणीच बोलत नसतं. नाकाची रचनाच अशी आहे की एकाच हवेवर चार माणसांचे चार जबाब निघू शकतात.

आधी नाकाच्या आत जाऊ. साध्या श्वासातली बहुतेक हवा खालच्या वाटेने थेट घशाकडे जाते. वास घेणारा पडदा वर, नाकाच्या छताला असतो, दोन्ही बाजूंना जेमतेम टपालाच्या तिकिटाएवढा. तिथवर साध्या श्वासातला दहावा हिस्सा पोचला तरी पुष्कळ. म्हणून आपण हुंगतो: छोटे, जोरकस झटके दिले की हवा वर चढते. त्या पडद्यावर शेंबडाचा पातळ थर असतो आणि चेतापेशींच्या टोकाची दहा ते तीस केसांसारखी तंतुके त्या थरात पसरलेली असतात. हवेतला रेणू आधी या थरात विरघळावा लागतो, मगच त्याची तंतुकांवरच्या रिसेप्टरशी, म्हणजे रेणू पकडणाऱ्या प्रथिनाशी, गाठ पडते. पेशींची दुसरी टोकं चाळणीसारख्या हाडाच्या भोकांतून थेट गंधकंदात, म्हणजे मेंदूच्या वासाचा संदेश घेणाऱ्या पहिल्या भागात, जातात. एका टोकाने थेट मेंदूत पोचणारी आणि दुसऱ्याने बाहेरच्या हवेला इतक्या जवळून भिडणारी दुसरी चेतापेशी शरीरात नाही. ती महिना-दोन महिने जगते, मग तिच्या जागी नवी येते.

रिसेप्टर किती प्रकारचे, हा प्रश्न १९९१ पर्यंत सुटलेला नव्हता. रंगांसाठी डोळ्याला तीन प्रकारच्या शंकूपेशी पुरतात. मग वासासाठीही पाच-दहा पुरत असतील, असं मानणारे होते. शेकडो लागत असणार असंही म्हणणारे होते. रिसेप्टर मात्र कुणाच्याच हाती लागत नव्हता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रिचर्ड ॲक्सेल यांच्या प्रयोगशाळेत लिंडा बक यांनी तो शोधला. त्यांची पद्धत सावकाश समजून घ्यावी अशी आहे, कारण तिथे यंत्रापेक्षा युक्ती मोठी होती.

बक यांनी तीन गोष्टी गृहीत धरल्या. एक, हे रिसेप्टर पेशीच्या पडद्यातून सात वेळा आरपार जाणाऱ्या, जी-प्रथिनाला (बाहेरचा इशारा पेशीच्या आत पोचवणाऱ्या प्रथिनाला) जोडलेल्या घराण्यातले असणार, कारण गंधाने पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो हे तोवर दिसलं होतं. दोन, वास नाना तऱ्हेचे, तेव्हा रिसेप्टरही एकमेकांसारखे पण वेगवेगळे, म्हणजे मोठं कुटुंब असणार. तीन, ते गंधाच्या पडद्यातच सापडणार, यकृतात किंवा मेंदूत नाही. तिन्हींपैकी एक जरी चुकलं असतं तरी हाती शून्य.

मग उंदरासारख्याच, पण आकाराने मोठ्या रॅटच्या नाकातला आरएनए घेतला, त्याचा डीएनए केला आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या निवडक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची रीत, लावली. त्या घराण्यात सामाईक असणाऱ्या तुकड्यांवर बेतलेले, मुद्दाम थोडे सैल ठेवलेले प्राइमर (प्रत कुठून सुरू करायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरले: पुढून पाच, मागून सहा, म्हणजे तीस जोड्या. सैल अशासाठी की तंतोतंत जुळणारे प्राइमर माहीत असलेलाच जीन शोधतात, नवा शोधत नाहीत. अडचण पुढे होती. अशा पीसीआरमधून ढिगाने पट्ट्या, म्हणजे एकेका लांबीच्या डीएनएचे गठ्ठे, मिळतात आणि त्यातल्या बऱ्याचशा एकेकट्या, भलत्याच जीनच्या असतात. कुटुंबाची पट्टी ओळखायची कशी?

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर एक मीटर म्हणून घेतलेल्या कापडाचे तुकडे केले आणि त्यांची बेरीज पाच मीटर भरली, तर काय समजायचं? एकाखाली एक, सारख्याच लांबीची पाच कापडं घडी घालून ठेवलेली होती. बक यांनी हेच केलं. प्रत्येक पट्टी, डीएनए ठरावीक अक्षरांपाशीच कापणाऱ्या एन्झाइमने कापली. पट्टीत एकच जीन असेल तर तुकड्यांची बेरीज मूळ लांबीइतकी येते. समान लांबीचे पण वेगळ्या अक्षरांचे अनेक जीन असतील तर ते वेगवेगळ्या जागी कापले जातात आणि बेरीज फुगते. तेरा क्रमांकाच्या पट्टीची बेरीज भलतीच फुगली. एप्रिल १९९१ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात अठरा जीन छापून आले आणि असे निदान शंभर-दोनशे तरी असावेत असा अंदाज मांडला गेला. तो कमीच ठरला. उंदरात ते हजाराच्या घरात निघाले. माणसात चालू स्थितीतले सुमारे चारशे, आणि जवळपास तितकेच किंवा थोडे जास्त मोडके, कामातून गेलेले. आपल्या साधारण वीस हजार जीनांमधले हे चारशे, म्हणजे पन्नासातला एक जीन निव्वळ वासासाठी. २००४ चं वैद्यकाचं नोबेल दोघांना मिळालं.

(गंधाचा मेंदूतला नकाशा मांडणारा बक यांच्या गटाचा २००१ चा एक निबंध मात्र निष्कर्ष पुन्हा मिळेनात म्हणून २००८ मध्ये त्यांनी स्वतःच मागे घेतला. १९९१ च्या कामाला त्याने धक्का लागत नाही. तरी नोबेलचं नाव आलं की पुढचं सगळं खरं मानून चालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.)

रेणू रिसेप्टरच्या खोबणीत बसला की आतलं जी-प्रथिन सुटतं, ते एका एन्झाइमला जागं करतं, सायक्लिक एएमपी तयार होतो आणि त्याने पडद्यातलं दार उघडतं. सोडियम व कॅल्शियम आत शिरतात. कॅल्शियम मग दुसरं दार उघडून क्लोराइड बाहेर सोडतं, त्याने संदेश आणखी मोठा होतो. याच कॅल्शियमकडे दुसरंही काम असतं: कॅलमोड्युलिन नावाच्या प्रथिनाला धरून ते पहिलं दार जड करतं. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पाणी चढतं, गोळा उचलला जातो, नळ बंद होतो. भरणारं पाणीच भरणं थांबवतं. वासाची सवय लागायला सुरुवात इथून, पेशीतच होते, काही सेकंदांत. मेंदूची सवय त्यानंतर चढते. वाशीच्या एपीएमसीच्या मसाला मार्केटात रोज गोणी उचलणाऱ्या माथाडी कामगाराला हळदीचा वास येत नाही आणि पाहुण्याला दारातच येतो, तो यामुळे. अत्तराच्या दुकानात मध्ये मध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्याने नाक ‘रिसेट’ होत नाही. साधी हवा किंवा स्वतःच्या शर्टाची बाही तेवढंच काम करते.

आता चारशे प्रकारच्या रिसेप्टरांवर त्याहून कितीतरी जास्त वास कसे ओळखायचे? प्रत्येक चेतापेशी एकाच प्रकारचा रिसेप्टर वापरते. एका प्रकारच्या सगळ्या पेशींच्या तारा गंधकंदातल्या ठरलेल्या एक-दोन गुंडाळ्यांत जाऊन मिळतात. १९९९ मध्ये बेत्तिना माल्निक, बक आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या एकेका पेशीवर वेगवेगळे गंध सोडले, कोणती पेशी पेटते ते कॅल्शियमच्या चमकेवरून पाहिलं आणि मग त्याच पेशीतला रिसेप्टर शोधून काढला. एक रिसेप्टर अनेक रेणूंना दाद देतो, एक रेणू अनेक रिसेप्टरांना जागं करतो, आणि वास ठरतो तो त्या संचावरून.

घोडबंदर रोडवरून रात्री दिसणारी चारशे खिडक्यांची एक इमारत घ्या. कुठल्या खिडक्यांत दिवा आहे, ती नक्षी म्हणजे वास. ऑक्टेनॉल आणि ऑक्टेनॉइक आम्ल, दोघांत कार्बनची साखळी आठचीच. फक्त शेपटाचा गट वेगळा. पहिल्याला संत्र्या-गुलाबाकडे झुकणारा वास, दुसऱ्याला खवट घामट. काही खिडक्या सामाईक, काही बदललेल्या. आणि तोच पदार्थ जास्त प्रमाणात आला तर एरवी अंधारात राहणाऱ्या खिडक्याही उजळतात, नक्षीच पालटते. मोगऱ्यात इंडोल असतं. थोडं असताना ते फुलाला फुलपण देतं. निव्वळ इंडोलची बाटली नाकाशी धरली तर शौचालय आठवतं. म्हणून “तीव्र झाला” आणि “वेगळा झाला” या दोन तक्रारी नाकाच्या पातळीवर नेहमी वेगळ्या करता येत नाहीत.

त्यातही प्रत्येकाच्या इमारतीत काही खिडक्यांचे दिवे जन्मापासून गेलेले. ओआर७डी४ या रिसेप्टरच्या जीनमध्ये फरक असला की डुकराच्या मांसात आणि माणसाच्या घामात असणारा अँड्रोस्टेनोन कुणाला मुताचा वाटतो, कुणाला गोडसर, कुणाला येतच नाही. हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. काळ्या मिरीतल्या रोटंडोन या रेणूचा वास पाचातल्या एकाला येतच नाही. कोथिंबीर साबणासारखी लागण्याचा संबंध ओआर६ए२ च्या आसपासच्या जीनफरकाशी आहे. चौथ्या मजल्यावरचे काका असे निर्दोष सुटतात.

मिरची भाजताना जे होतं तो वास नव्हे. ठसका, अमोनियाची झिणझिण, बामचा गारवा हे चेहऱ्याच्या वेदनेच्या नसेचं काम, गंधाच्या पडद्याचं नाही. वास गेलेल्या माणसालाही ठसका लागतो, तेव्हा “अमोनिया कळतो, म्हणजे नाक ठीक आहे” ही तपासणी फसवी. मासळीचं वेगळं: बोंबलाचा उग्र वास मुख्यतः ट्रायमिथाइल अमाइनचा, आणि त्यासाठी टीएएआर५ नावाचा वेगळ्याच घराण्यातला रिसेप्टर आहे. हे घराणं नाकात आहे हे २००६ मध्ये बक आणि स्टीफन लिबरलेस यांनी दाखवलं. कोकमाचं आगळ किंवा चिंच लावली की आम्लाने त्या अमाइनचा क्षार होतो. क्षार उडत नाही, म्हणून वास बसतो. त्यावर नुसतं अत्तर मारलं तर दोन्ही वास शेजारी शेजारी राहतात.

हे सगळं ज्या एका ठिकाणी जीवावर बेततं तिथे येऊ. ओहोटीला ठाण्याच्या खाडीचा चिखल उघडा पडला की सडक्या अंड्याचा वास सुटतो. चिखलात प्राणवायू नसतो, खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर. तिथले जीवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. मोकळ्या हवेत तो त्रासदायक, पण एरवी फारसा धोक्याचा नाही. नाक तो दहा लाखात एका भागाच्याही शतांशाला ओळखू शकतं. हाच वायू मॅनहोलमध्ये, सेप्टिक टँकमध्ये, बंद पडलेल्या सांडपाण्याच्या टाकीत साचतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतो. प्रमाण दहा लाखात शंभर भागांपर्यंत गेलं की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. पाचशेच्या पुढे माणूस कोसळतो. म्हणजे “मघाशी वास होता, आता गेला, उतरा” या वाक्यात वायू कमी झाल्याचा काहीच पुरावा नाही. उलटही असू शकतं. चार वायूंचा मीटर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजायचा: हायड्रोजन सल्फाइडचा गजर दहा लाखात दहा भागांवर, प्राणवायू साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली नको. झाकण उघडून काडी पेटवून बघणं हा उपाय नाही, आत मिथेनही असतो. आणि संरक्षक साधनं न देता, सुरक्षेची काळजी न घेता माणूस उतरवून सफाई करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे सोसायटीच्या कमिटीलाही लागू.

स्वयंपाकघरातल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात, जे नाकाला अब्जात एका भागाच्या आसपास कळतं. पण स्वयंपाकघरात तासभर उभं राहिलेल्या माणसाचं नाक इथे साक्षीदार धरू नका. बाहेरून आलेल्याचं धरा, किंवा पाच मिनिटं गॅलरीत जाऊन परत या. सिलिंडरचा गॅस जमिनीलगत पसरतो, तेव्हा वाकून हुंगा. पाइपचा गॅस वर चढतो. नेमकी जागा साबणाच्या पाण्याच्या बुडबुड्यांवरून शोधायची. दिव्याचं बटण चालू-बंद दोन्ही करायचं नाही. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६.

स्वतःचं नाक किती बारीक आहे ते घरी तपासता येतं. मेडिकलमधून लवंगेचं तेल आणि शंभर मिली लिक्विड पॅराफिन आणा. खोबरेल नको, त्याला स्वतःचा वास आहे. पाणी नको, लवंगेचं तेल त्यात मिसळत नाही. काचेच्या सारख्या बाटल्या नऊ. पहिलीत सिरिंजने एक मिली तेल आणि नऊ मिली पॅराफिन. दुसरीत पहिलीतलं एक मिली आणि नऊ पॅराफिन. असं सातवीपर्यंत, प्रत्येक पायरी दहापट विरळ. उरलेल्या दोन बाटल्यांत नुसतं पॅराफिन. अर्धा तास झाकून ठेवा, म्हणजे वरच्या हवेत वास समान भरतो. मग डोळे बांधून, दुसऱ्याने तीन बाटल्या एकेक करून नाकाखाली धरायच्या: दोन कोऱ्या, एक वासाची. वास कोणत्या बाटलीला, ते सांगायचंच. “कळत नाही” हे उत्तर चालत नाही, कारण पुष्कळदा नाकाला कळलेलं असतं आणि माणसाचाच विश्वास नसतो. सातवीपासून सुरुवात करून वर या, उलट केलंत तर पहिल्या बाटलीनेच नाक थकेल. दोन बाटल्यांमध्ये अर्धा मिनिट थांबा. एकाच पायरीला लागोपाठ तीनदा बरोबर आलं तर ती तुमची पायरी. निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता सत्तावीसात एक.

बिघडतं ते बहुधा सिरिंजमध्ये. एकच सिरिंज सगळीकडे फिरवली तर तिच्या रबरी दट्ट्यात तेल मुरतं आणि सातव्या बाटलीलाही तिसरीचा वास येतो. दर पायरीला नवी घ्या. प्लास्टिकच्या बाटल्या वास पितात. सुवासिक साबणाने धुतलेले हात, शेजारची अगरबत्ती, नुकतीच दिलेली हिंगाची फोडणी, सगळं मोजमापात शिरतं. काही बाटल्या एसीत आणि काही गॅलरीत ठेवल्या तर गरम बाटली जास्त वाफ देते आणि उगाच जिंकते. सर्दीत हा खेळ करू नये. एरवीही एक नाकपुडी आळीपाळीने चोंदलेली असतेच. आलेला आकडा दवाखान्यातल्या चाचणीशी ताडू नका. तुमच्याच महिन्यापूर्वीच्या आकड्याशी ताडा.

कोविडनंतर पुष्कळांना याची गरज पडली. विषाणू मुख्यतः चेतापेशींना नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या पेशींना धरतो, कारण त्याला लागणारी दारं तिथे आहेत. २००९ पासून वापरात असलेला सराव साधा आहे: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी, प्रत्येक दहा सेकंद, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. दोन आठवड्यांत सोडून देणारेच जास्त. नव्या पेशी उगवून त्यांच्या तारा योग्य गुंडाळीपर्यंत पोचायला महिने लागतात. मधल्या काळात कॉफी जळकी, कांदा कुजका वाटतो. तेही तारा जुळण्याच्या गडबडीतच.

विद्यार्थी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एमक्यू-१३५ हा वायू ओळखणारा सेन्सर आणून ‘इलेक्ट्रॉनिक नाक’ करतात, आणि ते पावसाळ्यात हमखास वेडं होतं. आत तापलेला टिन ऑक्साइड असतो, त्याला दमटपणाही वायूसारखाच भासतो. पहिल्यांदा किमान चोवीस तास तापवून ठेवावा लागतो, आणि हीटर आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या साध्या पिनवर चालत नाही, वेगळा पाच व्होल्टचा पुरवठा द्या. एका सेन्सरवरून वासाचं नाव काढायला जाऊ नका. वेगवेगळे चार-पाच लावून त्यांची नक्षी पाहा. नाकही तेच करतं. खऱ्या रिसेप्टरांनी तर प्रयोगशाळांनाही रडवलंय. प्रयोगशाळेत वाढवलेल्या दुसऱ्या पेशीत ते पृष्ठभागावर यायलाच तयार नसतात; आरटीपी नावाच्या मदतनीस प्रथिनांची गरज आहे हे २००४ मध्ये कळलं. माणसाच्या गंधरिसेप्टरची, ओआर५१ई२ ची, प्रोपिऑनिक आम्ल धरलेली त्रिमिती रचना दिसायला २०२३ उजाडलं, तीही गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून.

परत ग्रुपकडे. नवी मुंबईचा टीटीसी औद्योगिक पट्टा ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. बहुतेक वस्ती पश्चिमेला. दिवसा वारा समुद्राकडून, रात्री जमिनीकडून. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा थंड होऊन वर गरम हवेचं झाकण बसतं. म्हणून कारखान्यातून तेवढंच निघालं तरी रात्री जास्त येतं. आणि नाक प्रमाण मोजत नाही: हवेतलं प्रमाण दहापट झालं तरी वास दुप्पट-तिप्पटच वाटतो. तेव्हा “निम्मा केला” असं कारखाना म्हणाला आणि तुम्हाला फरक जाणवला नाही, तर दोघंही खरे असू शकतात. प्रयोगशाळेत याच कारणाने माणसांचं पथक बसवतात. युरोपच्या मानकानुसार पथकात घ्यायच्या माणसाला ब्युटेनॉल अब्जात वीस ते ऐंशी भागांच्या दरम्यान कळायला हवं. त्याहून तीक्ष्ण नाकवालाही बाद, बोथटही बाद.

आपल्याकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायला नोंदवही पुरते. वास सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ. जागा आणि मजला. तीव्रता शून्य ते पाच. कशासारखा, तर ओळखीच्या वस्तूसारखा: थिनर, जळकं रबर, कुजकी कोबी, “केमिकल” लिहून काही कळत नाही. वाऱ्याची दिशा, गच्चीवर अगरबत्ती धरून. खाडीच्या भरती-ओहोटीची वेळ. आणि दुसऱ्याचं वाचण्याआधी प्रत्येकाने आपलं लिहायचं. ग्रुपवर एकदा “गॅस” पडलं की पुढच्या दहा जणांनाही गॅसच येतो. तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की वेळा एकाखाली एक मांडा. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. वासही तसाच सरकत असेल तर तो खाडीचा. रोज त्याच सुमाराला येत असेल तर पूर्वेचा वारा आणि कारखान्यांच्या शिफ्टच्या वेळा तपासायला घ्या.